एकाच नगाचं प्रूफ

तिरुपूर
९ जुलै २०२३

ती. बाबा,

पत्र पाहून घाबरू नका. मी ठीक आहे. फोन फुटला नाही, रिचार्जही आहे. पण फोनवर आपलं काय होते ते तुम्हाला माहीत आहे. मी हॅलो म्हणतो, तुम्ही म्हणता गोळी घेतली का. मी म्हणतो हो. तुम्ही म्हणता खरं सांग. मग मी तापतो, तुम्ही तापता, आई मागून म्हणते अहो राहू द्या ना, आणि फोन बंद. इथं गर्मी किती आहे हे तुम्ही आजवर विचारलं नाही. म्हणून ठरवलं की आता लिहायचं. कागदावर तुम्हाला मला मधात तोडता येत नाही.

तर गर्मी जबलपूरसारखी भाजत नाही, पण घाम सुकतच नाही. खोलीत सगळे बाहेरचे, बिहारचे, ओडिशाचे. बाजूला बालाघाटचा बळीराम झोपतो. मी दहावी नापास आहे पण मराठी-हिंदी दोन्ही वाचतो म्हणून मला पंडित म्हणतो. नागपूरच्या गोडाऊनमध्ये मन लागलं नाही, सूरतला नाही, हैदराबादच्या हॉटेलात तर नाहीच. इथं लागून राहिलं. टी-शर्टाची फॅक्टरी आहे. मी चेकिंगला आहे. गठ्ठ्यातले थोडे पीस ओढायचे, शिवण पाहायची, निघालेले दोरे छोट्या कैचीनं कापायचे. दाग निघाला, भोक निघालं तर बाजूला.

आता खरी गोष्ट. माझे हात थरथरतात. तुम्हाला माहीत आहे, डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं की या गोळीनं असं होते. चेकिंगला मी कसाबसा भागवतो. पण मला मशीनवर बसायचं आहे, टेलर व्हायचं आहे. मागच्या आठवड्यात चाचणी दिली. शिवण अशी वाकडी गेली की बळीराम म्हणाला, "अबे पंडित, सिलाई कर रहा है कि नर्मदाजी का नक्शा बना रहा है?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर सुपरवायझर सेल्वम अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मला परत चेकिंगला पाठवलं.

बाबा, चार वर्षं मला काही झालं नाही. जो आजार चार वर्षं दिसला नाही तो आहे कशावरून? याचं उत्तर द्या. रागावून नाही. लिहून.

तुमचा
श्रीरंग


मदन महाल, जबलपूर
२० जुलै २०२३

चि. श्रीरंग,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने दोनदा वाचलं, मी एकदा. गर्मीचं विचारलं नाही हे खरं आहे. जेवणात ताक मिळतं का? मिळत नसेल तर विकत घे.

तुझा प्रश्न चांगला आहे. फोनवर विचारला असतास तर मी ओरडलो असतो. पत्र घेऊन मी डॉक्टर मॅडमकडे गेलो, नंबर लावला आणि जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मुलगा बरोबर विचारतोय.

त्यांनी जे सांगितलं ते मी समजलो तसं लिहितो. बऱ्या झालेल्या रोग्यांचे दोन गट करतात. एका गटाची गोळी चालू ठेवतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी देतात. कोणाला कुठली मिळाली हे रोग्यालाही ठाऊक नसतं, तपासणाऱ्यालाही नाही. म्हणजे कोणाचं मन आधीच कलत नाही. मग वाट पाहतात. ज्यांची खरी गोळी बंद झाली त्यांच्यात आजार परत येणारे जास्त निघतात. असं एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय.

मी विचारलं, माझ्या मुलाचा परत येईल का? त्या म्हणाल्या, "काका, हे मला सांगता येत नाही. काहींचा येत नाही. पण तो कोणता, हे आधी ओळखायची सोय अजून नाही. चार वर्षं ठीक आहे ते गोळीमुळे की गोळीशिवायही राहिला असता, हे नुसतं त्याच्याकडे बघून कळत नाही." हाताचं म्हणाल्या, त्याला घेऊन या, रक्त तपासू, मात्रा कमी करता येईल, थरथरीवर दुसरंही औषध आहे.

खमरियाच्या क्वार्टरमध्ये तू दहावीला असताना काय झालं होतं ते तुला पूर्ण आठवत नसेल. अनवाणी इकडे मदन महाल किल्ल्याच्या टेकडीवर गेला होतास आणि आम्ही सगळी कॉलनी शोधत होतो. तुला हार घालायला लोक येणार आहेत असं सांगत होतास. मला ते आठवतं, म्हणून मी फोनवर पहिलं वाक्य तेच बोलतो.

सुट्टी काढून ये.

तुझा
बाबा


तिरुपूर
२ ऑगस्ट २०२३

ती. बाबा,

ताक मिळते. इथं त्याला मोर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं पक्षी वाढून राहिले.

सुट्टी नाही. ऑर्डर आहे. आत्ता गेलो तर जागा गेली.

तुमचं पत्र मी नीट वाचलं. मला एकच समजलं की मॅडमला माहीत नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं ना, सांगता येत नाही म्हणून? ते दोन गट कुठले? त्यात जबलपूरचा कोणी होता? तिरुपूरला कैची धरणारा होता? शंभर लोकांचं उत्तर माझ्यावर काहून लावता? त्यांच्यात दारू पिणारे असतील, घरी भांडणारे असतील. मी तर सकाळी सातला पाणी भरतो आणि लायनीत उभा राहतो.

आणि तुम्ही असं म्हणता याचं मला नवल वाटते. तुमची सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत, प्रूफ सेक्शनमध्ये गेली. मी लहान होतो तेव्हा तुम्ही जेवताना सांगायचे, कागदावर काय लिहिलं ते सोड, लॉटमधले नग उडवून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. मग माझ्या बाबतीत कागद काहून मानता? मलाही पाहा ना. मी काय गोडाऊनमध्ये ठेवलेला माल आहे काय, हात लावायचा नाही म्हणून?

तुम्हाला सांगणार नव्हतो पण सांगतो. कैचीची टोकं लागून माझ्या हातून पीसांना भोकं पडून राहिली. सेल्वम अण्णा चांगले आहेत, लपवतात. पण त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत हात सुधारला नाही तर चेकिंगवरूनही काढावं लागेल. मग पॅकिंग, नाहीतर परत घरी. बाबा, मला परत येऊन मदन महालच्या त्या खोलीत बसायचं नाही. तुम्ही दारातून पाहता, आई दारातून पाहते, मी ठीक आहे की नाही ते. मला इथं कोणी पाहत नाही. मला ते आवडते.

श्रीरंग


मदन महाल, जबलपूर
१४ ऑगस्ट २०२३

चि. श्रीरंग,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर तीनदा लिहून फाडलं.

सकाळी फिरताना बापूसाहेब भेटतात, आमचे जुने शेजारी. त्यांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "अहो, माझ्या साडूच्या पोराने सगळ्या गोळ्या नाल्यात फेकल्या. आज बँकेत आहे, दोन मुलं आहेत. डॉक्टर काय, दुकान चालवून राहिले." मी म्हटलं, एका साडूच्या पोरावरून काय ठरतं? पण घरी येईपर्यंत ते पोरगं माझ्या डोक्यातून गेलं नाही. दोन गटांतली शेकडो माणसं मला दिसत नाहीत. बँकेतलं पोरगं दिसतं.

मग तू प्रूफचं लिहिलंस त्यावर विचार केला. फॅक्टरीत आमचा एक नियम होता. माल एकदा पास झाला म्हणजे कायमचा पास नाही. काही वर्षं साठ्यात पडून राहिला की त्यातले नग परत काढायचे, परत उडवायचे, मगच पुढची मुदत. हे कोणी आम्हाला पुस्तकातून शिकवलं नव्हतं, हाताने केलं होतं. तुला चार वर्षं झाली. तुझं परत प्रूफ कोणी घेतलं? कोणीच नाही. मुदत संपलेली चिठ्ठी आपण पुढे पुढे ढकलतो आहोत.

तेव्हा स्वतःचं प्रूफ घे, गोळी सोडून पाहा. मी परवानगी देतो. पण एकदम नाही. आधी अर्धी कर. ठीक वाटलं तर अजून कमी, मग बंद. काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी परत चालू.

आईला सांगितलेलं नाही. डॉक्टर मॅडमनाही नाही. त्या नाही म्हणतील आणि मग मलाही तुला नाही म्हणावं लागेल.

तुझा हात स्थिर व्हावा, एवढंच मागतो.

बाबा


तिरुपूर
२४ सप्टेंबर २०२३

ती. बाबा,

हात थांबला! काल सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. बळीरामला दाखवलं. त्यानं माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला, म्हणाला, "किसका हाथ उठा लाया?"

अर्धी केली, मग बंद केली. तुम्ही म्हणाले त्यापेक्षा थोडी लवकर, पण काही झालं नाही. जिभेवरची ती लोखंडासारखी चव गेली. तहान गेली. असं वाटते की चार वर्षं माझ्या डोळ्यांवर कोणी ओली चादर टाकून ठेवली होती आणि ती आता उचलली. इथं रंगाच्या खात्यातून कापड येते, लाल, पिवळं, मी रोज पाहायचो, पण आता पाहून राहिलो.

पुन्हा चाचणी दिली. शिवण सरळ गेली. पुढच्या सोमवारपासून मशीन. सेल्वम अण्णांनी पाठीवर हात ठेवला आणि तमिळमध्ये काही बोलले. शिवी नव्हती, एवढं मला आता कळते.

तुम्ही हो म्हणालात ते मी विसरणार नाही.

श्रीरंग


मदन महाल, जबलपूर
६ ऑक्टोबर २०२३

चि. श्रीरंग,
अनेक आशीर्वाद.

पास! पत्र वाचून मी मोठ्याने म्हटलं, आई स्वयंपाकघरातून पळत आली. मग तिला सगळं सांगावंच लागलं.

दोन दिवस ती माझं ताट पुढ्यात आदळत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इतक्या दिवसांत काय कळते हो?" मी तिला समजावलं की नग उडाला तर उडाला, नाही उडाला तर नाही, निकाल तिथल्या तिथे असतो. ती म्हणाली, "तो नग आहे काय?" तिला प्रूफमधलं काय कळणार. बायकांना काळजी करायला कारण लागतं.

काल तिला सराफ्यात घेऊन गेलो होतो. सहजच. एका दुकानात होणाऱ्या सुनेला घालायची साखळी पाहिली. घेतली नाही, फक्त पाहिली. दुकानदाराने विचारलं, लग्न ठरलं का? मी म्हटलं, ठरेल. इतक्या वर्षांत मी हा शब्द बाहेर काढला नव्हता. आई साखळीकडे पाहत होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

बापूसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय म्हणत होतो!"

दिवाळीला येशील का?

बाबा


तिरुपूर
२९ ऑक्टोबर

बाबा! बाबा!

किती दिवस झाले लिहिलं नाही, म्हणजे रोज लिहितो, डोक्यात लिहितो, आता कागदावर येऊन राहिलं. मशीन माझं चाललं नाही, धावलं. सगळ्या लायनीत माझा माल पुढं. लोक थकतात, मी थकत नाही. झोप येत नाही असं नाही बाबा, झोपेची गरजच पडत नाही, दोन तास पुरतात आणि उठलो की डोकं असं स्वच्छ की जणू कोणी धुतलं. गादी बळीरामला देऊन टाकली. फोन खालच्या चहावाल्याला दिला, त्याच्या पोरीला शाळेसाठी पाहिजे होता, मला काय करायचा, मी तर सगळ्यांशी असाच बोलून राहिलो.

आता ऐका. मला एक गोष्ट सापडली. चेकिंगमध्ये आपण शंभरातले दहा पाहतो. बरोबर? आणि शंभरावर पासचा शिक्का. मग नव्वद कोणी पाहिले? कोणीच नाही! ते नव्वद जहाजात जातात, परदेशात लोक अंगावर घालतात, आणि कोणीच पाहिले नाहीत! तुमच्या फॅक्टरीतही तेच. तुम्ही दहा उडवले आणि हजारावर सही केली. ते बाकीचे कोणत्या शिपायाच्या हातात गेले? डॉक्टर मॅडमचंही तेच, शंभर माणसं पाहिली आणि सगळ्या दुनियेला गोळी. सगळीकडे हेच चालू आहे आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. दहावी नापासच्या! प्रत्येक पीस पाहायला पाहिजे, आतून, शिवण उसवून, कारण खराबी आतच असते, वरून सगळं ठीकच दिसते.

मी जबलपूरला फॅक्टरी टाकणार. मदन महाल स्टेशनजवळ. तिथं एकेक नग पाहिला जाईल. सेल्वम अण्णांना म्हटलं, ते घाबरले, मोठी गोष्ट ऐकली की लहान माणसं घाबरतात. बळीराम म्हणतो पंडित सो जा. सगळ्यांना मी झोपायला पाहिजे!

आई, साखळी घेऊन टाक. दोन घे. जागा संपली म्हणून आता कडेनं लिहून राहिलो, कागद फिरवून वाचा, अजून खूप आहे, पुढच्या कडेवर पाहा, नर्मदेवर पूल, त्याचंही मी


मदन महाल, जबलपूर
६ नोव्हेंबर २०२३

चि. श्रीरंग,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी थक्क झालो. तू शाळेत टिकला असतास तर आज कुठल्या कुठे असतास. नव्वद नगांचा प्रश्न आमच्याकडच्या मोठ्या साहेबांनीही कधी असा विचारला नव्हता. मी बापूसाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हा मुलगा इतकी वर्षं गोळीखाली दाबून ठेवला होता तुम्ही. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला.

मात्र झोप थोडी वाढव. आणि फोन देऊन टाकायची काय गरज होती? नवीन घे, मी पैसे पाठवतो. फॅक्टरीचं सावकाश पाहू. दिवाळीला आलास तर समोरासमोर बोलू.

बाबा

श्रीरंग, हे मी पाकीट चिकटवायच्या आधी लिहिते, यांना दाखवणार नाही. तू कडेने लिहिलंस. दहावीच्या वर्षी तुझ्या वह्या अशाच होत्या, कडेकडेने, कागद फिरवत फिरवत. मी त्या टाकल्या नाहीत, आज काढून बाजूला ठेवून पाहिलं. अक्षरही तसंच वर चढत गेलंय. मला दोन गट कळत नाहीत, प्रूफ कळत नाही. मी तुला आधी एकदा असं पाहिलंय, एवढंच आहे माझ्याजवळ. यांना म्हटलं तर म्हणतात तू घाबरवतेस. बाळा, हे पत्र मिळालं की गोळी घे आणि बळीरामच्या फोनवरून मला फोन कर. मी मिळेल त्या गाडीत बसते. आई.


तिरुपूर
११ नोव्हेंबर

आई, रडू नको, रडायचं कारण संपलं. कडेनं लिहितो म्हणून घाबरतेस! कड म्हणजे जिथं अजून कोणी लिहिलं नाही ती जागा.

उद्या दिवाळी, फॅक्टरी बंद. गोडाऊनमध्ये पूर्ण लॉट बांधून पडला आहे, जहाजाची वाट पाहत. पासचा शिक्का मारलेला. मी आत जाणार. सगळेच्या सगळे पाहणार. बाबांना सांग, एकही नग सुटणार नाही.


मदन महाल, जबलपूर
४ फेब्रुवारी २०२४

चि. श्रीरंग,
अनेक आशीर्वाद.

आई तिथे कोईमतूरच्या दवाखान्यात तुझ्याजवळ आहे, म्हणून तुझी खबर रोज फोनवर कळते. तरी लिहितो. समोर होतो तेव्हा तू बहुतेक भिंतीकडे तोंड करून असायचास, आणि मलाही बोलता आलं नाही.

तू मला दोनदा विचारलंस, काय झालं होतं. मी म्हटलं, नंतर. आता सांगतो. सेल्वमने आणि बळीरामने जे सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. दिवाळीच्या दिवशी तू गोडाऊनचं कुलूप तोडलंस. दुपारपर्यंत बसून शेकडो टी-शर्टांच्या शिवणी उसवल्यास. चौकीदार आले तेव्हा तू त्यांनाही बसून मोजायला सांगितलंस. ते पकडायला लागले तसा वरच्या मजल्यावर गेलास आणि खिडकीतून खाली उडी मारलीस. मनगट त्यात मोडलं. मालक पोलिसात जाणार होता. बळीराम त्याच्या पायाशी बसला, "साहब, बीमार है, बदमाश नहीं है." सेल्वमने रडत सांगितलं म्हणे की तो माझा सगळ्यात चांगला मुलगा होता. नोकरी अर्थात गेली.

तिथल्या डॉक्टरांनी जुनी गोळी पुन्हा चालू केली. तीच, ज्यावर तू चार वर्षं ठीक होतास. अडीच महिने झाले, या वेळी ती तशी धरत नाही. मी त्यांना विचारलं, बंद केली म्हणून का? ते म्हणाले, "कधीकधी असं दिसतं. बंद केल्यामुळे की आजारच पुढे गेला म्हणून, हे खात्रीने सांगण्याइतका पुरावा नाही." डॉक्टर मॅडमही तसंच बोलायच्या. तेव्हा मला वाटायचं त्यांना माहीत नाही. आता कळतं, जेवढं माहीत होतं तेवढंच त्या बोलत होत्या. मी माझ्या माहितीपेक्षा जास्त बोललो.

श्रीरंग, मी जन्मभर प्रूफ केलं आणि त्यातली पहिलीच गोष्ट विसरलो. जो नग आम्ही उडवायचो तो गेलेला असायचा. तो पास झाला तरी परत पेटीत येत नव्हता. दहा घालवून हजारांचं कळायचं, त्यासाठी हजार असावे लागतात. माझ्याजवळ दुसरा नग नव्हता. मी एकाच नगाचं प्रूफ घेतलं.

डॉक्टर आता दोन मार्ग सांगतात. जुन्या गोळीबरोबर दुसरी जोडायची, किंवा जुनी सोडून पूर्ण नवीन. त्यांनी घरच्यांचं मत आणि सही मागितली आहे. मी काही ठरवणार नाही. मला तो अधिकार राहिला नाही. तू आणि आई ठरवा.

बाबा


कोईमतूर
१७ फेब्रुवारी २०२४

ती. बाबा,

मनगट वाकत नाही म्हणून अक्षर असं येते. घाबरू नका, हे वर चढत नाही. आईनं आधीच पाहून घेतलं.

डिसेंबर मला आठवत नाही. जानेवारी आठवते पण नको वाटते. दिवाळीचं तुम्ही लिहिलं ते वाचलं. मला फक्त एवढं आठवते की शिवण उसवताना मला खूप आनंद होऊन राहिला होता. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. ते टी-शर्ट खराब होते काय, हे मी बळीरामला विचारलं. तो म्हणाला, नाही रे, सब ठीक थे.

तुम्ही म्हणता मी आणि आई ठरवा. बाबा, मी कशावर ठरवू? माझ्याजवळ एकच पुरावा होता, मला बरं वाटते हा. त्याच्या जोरावर मी तुमच्याशी भांडलो. त्या शंभर लोकांना मी विचारलं की तुमच्यात तिरुपूरचा कोण आहे. आता मला बरं वाटलं तर मी ते कोणाजवळ मांडू? सप्टेंबरमध्ये हात थांबला तेव्हा खरंच बरं वाटत होतं. रंग दिसले ते खरंच दिसले होते. त्यातलं कुठपर्यंत मी होतो आणि कुठून आजार सुरू झाला, ते मला आजही दाखवता येत नाही. आईला दाखवता येते. ती म्हणते, "गादी दिलीस तिथून." इथल्या डॉक्टरांनी तिच्याजवळच्या त्या वह्या मागून घेतल्या आणि फाइलमध्ये ठेवल्या. तुम्ही म्हणायचे तिला प्रूफमधलं काय कळणार.

मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तुम्ही बाजूला बसू नका म्हणून लिहितो. तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला पाहिजे होतं तेच तुम्ही बोललात. आता मला नको असलेलं कोणीतरी बोललं पाहिजे, आणि आई एकटी किती बोलणार. जबलपूरच्या मॅडमकडे जा. नंबर लावा. सगळं सांगा, तुम्ही हो म्हणालात तेही सांगा. त्यांना विचारा, माझ्यासारख्यांत कुठल्या मार्गानं जास्त लोक टिकले, आणि टिकले नाहीत ते काहून. मग सही करा. मी त्या शंभरातला एक व्हायला तयार आहे. एकटा राहून पाहिलं.

मशीनचं विचारू नका. मनगट डॉक्टर म्हणतात पूर्ण वळणार नाही. आणि हात परत थरथरतात.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी आई संत्रं सोलून देत होती. शेजारच्या पलंगावरचे म्हातारबाबा रोज सिस्टरकडे आपल्या बायकोची तक्रार करतात, आणि त्यांची बायको तिथंच बसून हो-हो करते. तमिळमध्ये चालते, मला अर्धं कळते. काल त्या बाईनं नवऱ्याच्या तोंडात संत्र्याची फोड कोंबली आणि सिस्टरला म्हणाली, आता सांगा म्हणावं. मला हसू आलं. मोठ्यानं. किती महिन्यांनी आलं असेल.

आणि हसता हसता मी आईकडे पाहिलं. तिचे हात थांबले होते. सालपट हातातच होतं. ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती, तोंडाकडे, परत डोळ्यांकडे. मी विचारलं, "आई, हे ठीक आहे ना?"

तिनं सालपट ताटलीत ठेवलं. मग म्हणाली, "थांब. अजून एकदा हस."

मी हसून दाखवलं. पण तसं आलं नाही.

तुमचा
श्रीरंग